चार दस्ते कागद आणि शेऱ्याचा रकाना

रत्नागिरीच्या बाजारपेठेतील एका अरुंद आळीत वह्या बांधून देणारे एक जुने दुकान आहे. दुकानावर पाटी नाही. दोन कपाटांच्या मधल्या जागेत एक लोखंडी शिकंजा, शेजारी कागद कापायचे यंत्र आणि दाराशी वाळत ठेवलेले पुठ्ठे, एवढ्या खुणांवरून ते ओळखावे लागते. बाजारातील कोणत्याही जुन्या दुकानदाराला ‘बाइंडिंगवाले काका’ कुठे बसतात असे विचारले तरी चालते. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मी तेथून एक वही बांधून घेतली. सहा महिने ती माझ्या सततच्या वापरात आहे, संपूर्ण पावसाळा तिने माझ्यासोबत काढला आहे आणि त्यानंतरच तिच्याविषयी लिहावे असे मी ठरवले होते. वही उत्तम आहे. दुकानाच्या कामात काही उणिवा आहेत, त्याही पुढे सांगते. परंतु या वहीमुळे माझे २४ वर्षे बंद पडलेले लिहिणे पुन्हा सुरू झाले, आणि ते कसे झाले हे सांगितल्याशिवाय तिचे परीक्षण पूर्ण होणार नाही.

मी हौशी धावपटू आहे. एका पतसंस्थेत नोकरी करते, वय ४७ आहे आणि धावायला लागून चार वर्षे झाली. २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन मी आजवर दोनदा पूर्ण केली. त्यांतली चांगली वेळ २ तास ४१ मिनिटे. महाविद्यालयात असताना भित्तिपत्रकासाठी मी नेमाने लिहीत असे आणि पुढेही लिहीत राहणार अशी माझी स्वतःची खात्री होती. नोकरी लागली, संसार सुरू झाला, आणि त्यानंतर मी जे काही मराठीत लिहिले ते बहुतेक सगळे कर्जखात्यांवरचे शेरे होते.

धावणाऱ्याला नोंदी ठेवाव्या लागतात. किती अंतर, किती वेळ, नाडीचे ठोके किती, कोणता गुडघा बोलू लागला, हे लिहिलेले नसेल तर तीन महिन्यांनी सराव वाढवायचा की आवरता घ्यायचा हे ठरवताना अंदाजाशिवाय हाती काही उरत नाही. सुरुवातीची दोन वर्षे मी या नोंदी फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये ठेवल्या. सदस्यत्वाची मुदत संपली आणि त्यातल्या शेवटच्या तीन महिन्यांच्या नोंदींखेरीज काहीच दिसेनासे झाले. मग एक चांगल्यापैकी किमतीची तयार डायरी घेतली. तिची पाने सुटी कापून कण्याला फक्त गोंदाने चिकटवलेली होती. आपल्याकडच्या जुलै महिन्यात कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो, वाळलेला गोंद त्याबरोबर ताणला जात नाही, आणि एकदा त्याला चीर गेली की एकामागून एक पाने हातात येतात. गणेशचतुर्थीच्या आधीच त्या डायरीची पाने मी रबरबँडने बांधून ठेवत होते. मामांच्या दुकानातला रोजमेळ मात्र माझ्या लहानपणी ओल्या हातांनी, दिवसातून वीस वेळा उघडला जाऊनही वर्षभर टिकत असे, हे आठवले आणि तसली वही कोण बांधून देतो याची मी चौकशी सुरू केली.

दुकानात गेले तेव्हा काका एका शाळेच्या हजेरीपटांची शिवण करत होते. वयाने सत्तरीच्या आसपास, बोलणे कमी, आणि समोरच्याचे पूर्ण ऐकून घेण्याची सवय. मी माझी गरज सांगितली: फूलस्केप कागदाची अर्ध्यात दुमडलेली वही, वर्षभर पुरेल एवढी, आणि प्रत्येक पानावर आखलेले रकाने. तारीख, तिथी, अंतर, वेळ, नाडी, आणि शेवटी शेऱ्यासाठी दोन इंच जागा. त्यांनी कागदाच्या तुकड्यावर आकडेमोड केली आणि म्हणाले, “ताई, दोन्ही पानं आखायची तर आखणीचे पैसे दुप्पट पडतील. डावं पान आखतो, उजवं कोरं सोडतो. शेरा तिकडे लिहा. दीडशे रुपये वाचतील तुमचे.”

मी हो म्हटले ते त्या दीडशे रुपयांसाठी. कोऱ्या पानाचे पुढे काय होणार आहे याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते आणि मलाही नव्हती.

कागदाची निवड त्यांनी ज्या पद्धतीने करून दिली ती मला फार आवडली, म्हणून ती सविस्तर सांगते. त्यांनी तीन प्रकारचे कागद पुढे ठेवले आणि माझ्याच पेनाने तिन्हींवर माझे नाव लिहायला सांगितले. पहिल्या कागदावर शाई लगेच फुटली. दुसऱ्यावर ती फुटली नाही, पण मागच्या बाजूला उतरली. तिसरा लेजर पेपर होता, म्हणजे ज्या कागदाच्या खतावण्या बांधतात तो. या कागदाला बनवतानाच अशी खळ दिलेली असते की शाई वरच्या थरातच थांबते, आणि तो इतका चिवट असतो की चूक खरवडून काढली तरी त्याला भोक पडत नाही. त्यांनी त्यातला एक तुकडा घेतला आणि उभा फाडला. तो सरळ रेषेत फाटला. मग आडवा फाडला. तो वेडावाकडा फाटला. लाकडाला जसे उभे तंतू असतात तसे कागदालाही असतात, आणि दमट हवेत कागद तंतूंच्या दिशेने फारसा वाढत नाही, आडवा वाढतो. तंतू वहीच्या कण्याला समांतर असतील तर फुगलेले पानही सपाट पडते. आडवे असतील तर पाने कण्याशी लाटांसारखी उठतात आणि वही मिटत नाही. माझ्या जुन्या डायरीचे नेमके हेच झाले होते. पतसंस्थेत इतकी वर्षे खतावण्या हाताळूनही ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

वहीला चार दस्ते कागद लागला. दस्ता म्हणजे २४ ताव, तेव्हा एकूण ९६ ताव. आठ-आठ ताव एकात एक दुमडून एक जुज होते. अशी १२ जुजे. प्रत्येक जुजाच्या घडीत टोच्याने भोके पाडून ती मेण लावलेल्या दोऱ्याने आधी आतून आणि मग एकमेकांशी शिवली जातात. यालाच जुजबंदी म्हणतात, आणि वही कुठेही उघडली तरी ती टेबलावर सपाट पडून राहते ती या शिवणीमुळे. कण्याला फडके, वर जाड पुठ्ठे, कोपऱ्यांना कापड आणि पुठ्ठ्याच्या आत अबरी, म्हणजे रंगीत लहरींचा कागद. मैद्याच्या खळीत काका आजही चिमूटभर मोरचूद घालतात, कारण साधी खळ म्हणजे कसरीला आणि झुरळांना आमंत्रण. पुठ्ठा बसवून झाल्यावर वही दोन दिवस शिकंज्यात राहते. हाती आली तेव्हा तिचे वजन पाऊण किलोहून थोडे जास्त भरले. धावताना बरोबर नेण्याची ही वस्तू नव्हे. ती माझ्या घरच्या पडवीत, पायपुसण्याशेजारच्या स्टुलावर असते, आणि बूट काढण्याआधी मी तिच्यात लिहिते.

पावसाळ्यात तिची खरी परीक्षा झाली. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम येतो, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते. या वहीची पाने जुलैत थोडी मऊ पडली, पण उठली नाहीत, आणि आजपर्यंत एकही पान सुटलेले नाही. कण्याच्या खालच्या टोकाशी ऑगस्टमध्ये बुरशीचा बोटभर डाग आला होता. कोरड्या फडक्याने पुसून वही दोन दिवस चुलीच्या वरच्या फळीवर ठेवली, तो पुन्हा आला नाही. शाईच्या बाबतीत मात्र एक सूचना करावीशी वाटते. नेहमीची रॉयल ब्लू शाई पाण्यात विरघळते, त्यामुळे घामेजल्या मनगटाखाली अक्षरे पुसली जातात. पावसाळाभर मी पेन्सिलीने लिहिले. शिसे पाण्याने पसरत नाही, आणि या कागदावर पेन्सिलीची रेघ इतकी ठळक उमटते की आता थंडी सुरू झाली तरी मी पेनाकडे परतले नाही.

आता कोऱ्या पानाविषयी. जून महिन्यात मी १७ वेळा धावले. त्यांपैकी ११ दिवसांची उजवी पाने कोरी आहेत, आणि उरलेल्या सहांपैकी पाचांवर ‘डावा गुडघा’, ‘वारा समोरून’ असे दोन-दोन शब्द आहेत. शेरा म्हटला की तीन शब्दांच्या वर जायचे नाही, ही माझ्या हाताची नोकरीतली सवय. परंतु एवढे मोठे पान आणि त्याच्या डोक्यावर दोन शब्द, हे दृश्य मला रोज खुपू लागले. हिशेबाच्या वहीत रिकामी जागा सोडली तर आम्ही तिच्यावर तिरकी रेघ मारतो, जेणेकरून मागाहून कोणी त्यात काही घुसडू नये. या पानांवर तशी रेघ मारायला मात्र माझा हात उचलेना. २८ जूनच्या पानावर पहिल्यांदा चार ओळी आहेत. त्या दिवशी थिबा राजवाड्याकडे जाणाऱ्या चढावर पाऊस इतका दाट होता की मला माझ्याच बुटांचा आवाज ऐकू येत नव्हता, आणि तो आवाज गेल्यावर माझी लय कशी मोडली, हे मी लिहिले आहे. ओळी साध्याच आहेत. पण त्या लिहून झाल्यावर मी त्यातला एक शब्द खोडून दुसरा घातला, आणि शेऱ्यातला शब्द कोणी बदलत नसतो, हे त्याच वेळी लक्षात आले.

जुलैमध्ये समुद्राकडे जाता येत नसल्याने मी रोज त्याच चढावर धावत होते, आणि रोज तोच राजवाडा समोर येत होता. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत इंग्रजांच्या नजरकैदेत होता. हा राजवाडा त्याच्यासाठी बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये त्याचे येथेच निधन झाले. शाळेत असल्यापासून ही माहिती मला पाठ आहे. परंतु श्वास चढलेल्या अवस्थेत, पावसात, त्या इमारतीच्या कमानी पाहताना पहिल्यांदाच असे मनात आले की ज्या माणसाने २४ वर्षे या घराची वाट पाहिली त्याला ते जेमतेम सहा वर्षे मिळाले. त्या दिवशीचे लिखाण उजव्या पानावर मावले नाही आणि पुढच्या डाव्या पानावर, आखलेल्या रकान्यांवरून आडवे गेले. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीसाठी मला पान उलटावे लागले.

तिथीचा रकाना मी मागून घेतला होता तो भाट्ये किनाऱ्याच्या पुळणीसाठी. भरतीची वेळ काढण्याचा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला, म्हणजे त्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास पूर्ण सुकती (ओहोटी). मी सहाला धावायला निघते, तेव्हा पौर्णिमेपासून आणि अमावास्येपासून पुढचे तीन-चार दिवस हे माझे पुळणीचे दिवस. उधाण असल्याने पाणीही खूप मागे गेलेले असते, ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते आणि पाय रुतत नाहीत. अष्टमीच्या आसपास पायाखाली फक्त कोरडी, भुसभुशीत वाळू उरते, आणि तीत धावून पोटऱ्या धरतात. पुळणीला समुद्राकडे उतार असल्यामुळे एका दिशेने जाताना एक पाय सतत खाली पडतो. म्हणून सुरूच्या बनापासून झरी विनायकाच्या टोकाकडे जेवढे जायचे तेवढेच परत यायचे. हे सगळे आकड्यांचे शास्त्र डाव्या पानावर नीट बसते.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचे पान मात्र दोन्ही बाजूंनी वेगळे आहे. डावीकडे लिहिले आहे: अंतर ३.१ किमी, वेळ ६४ मिनिटे. उजवीकडे लिहिले आहे की रापण लागली होती. होडी जाळ्याचा अर्धगोल टाकून परत आली होती, आणि दोन टोकांच्या दोन दोरांवर दहा-दहा माणसे उलट्या पावलांनी मागे सरत होती. मी आल्या वाटेकडे पाहिले. माझ्या बुटांचे ठसे पाण्याच्या कडेने लांबवर गेले होते, आणि त्यांना आडवे छेदून ओढणाऱ्यांच्या टाचांचे खोल, एकामागे एक ठसे वर सुरूच्या बनाकडे चालले होते. त्यात पाणी झिरपून प्रत्येक ठसा चकाकत होता. घड्याळ बंद करायचे मी विसरले. जाळे वर आले तेव्हा त्यात तारली होती, थोडे बांगडे होते आणि बऱ्याच कुर्ल्या. पाटी भरणाऱ्या एका आजीने मला विचारले, “बाय, तू रोज धावतेस ती कोणासाठी?” मी त्यांना तेथे उत्तर देऊ शकले नाही. घरी आल्यावर बूटही न काढता पाऊण तास लिहीत बसले, कार्यालयात उशिरा पोहोचले. ऑक्टोबरच्या १६ नोंदींमध्ये एकही उजवे पान कोरे नाही.

आता उणिवा. वही सहा दिवसांत देण्याचे ठरले होते, प्रत्यक्षात १५ दिवस लागले आणि मला तीन खेपा पडल्या. दुकान दुपारी एक ते चार बंद असते आणि संध्याकाळी सातला काका निघतात, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला शनिवारशिवाय गाठ पडणे अवघड. फोनवर ते कामाविषयी काहीच सांगत नाहीत, प्रत्यक्ष या म्हणतात. कण्याचे लाल कापड कच्च्या रंगाचे निघाले. जूनमध्ये ओल्या हाताला आणि पहिल्या दोन पानांच्या कडेला त्याचा गुलाबी डाग लागला. या किमतीला, आणि हे कापड पावसाळ्यात वापरले जाणार हे आधी सांगितलेले असताना, ते पक्क्या रंगाचेच हवे होते. आणि पाचवे जुज उलटे शिवले गेले आहे. सप्टेंबरमध्ये तेथे पोहोचले तेव्हा दिसले की त्या जुजात कोरे पान डावीकडे आले आहे आणि रकाने उजवीकडे. मी वही दाखवायला घेऊन गेले. काकांनी चूक लगेच मान्य केली आणि शिवण उसवून पुन्हा बांधून देण्याची तयारी दाखवली, पैसे न घेता. पण त्यासाठी वही आठ दिवस त्यांच्याकडे राहिली असती, म्हणून मी ती तशीच परत आणली.

एकूण खर्च ६२० रुपये आला: कागदाचे ३४०, आखणी आणि बांधणीचे २८०. तयार वहीच्या तुलनेत हा जास्त वाटेल. गोंदाच्या दोन डायऱ्यांच्या तुलनेत तो कमी आहे. ज्यांना वही सहा महिन्यांत फेकून द्यायची आहे त्यांनी एवढा खटाटोप करू नये. ज्यांना कोकणातल्या हवेत काही वर्षे टिकेल असे लिहून ठेवायचे आहे, मग ते बागेचे असो, औषधपाण्याचे असो की धावण्याचे, त्यांनी जरूर जावे. फक्त दसरा ते दिवाळी या काळात जाऊ नये. लक्ष्मीपूजनाच्या आणि पाडव्याच्या वह्यांचे काम तेव्हा इतके असते की काकांना मान वर करायला सवड नसते. कागद निवडताना आपले नेहमीचे पेन बरोबर न्यावे आणि कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून पाहावा.

वही वर्षभर पुरणार होती, पण लिखाण पुढच्या पानांवर जाऊ लागल्यामुळे मी आताच नवव्या जुजात आहे आणि जानेवारीअखेर ती भरेल. म्हणून गेल्या शनिवारी दुसरी वही सांगून आले. कागद तोच, चार दस्ते. कापड गडद निळे, पक्क्या रंगाचे. पाचव्या जुजातल्या त्या १६ पानांवर मी धावून आल्यावर आधी लिहीत होते आणि आकडे नंतर भरत होते, कारण हात आधी डावीकडे जातो. म्हणून या वेळी बाराही जुजे तशीच शिवायला सांगितली आहेत, कोरे पान डावीकडे आणि रकाने उजवीकडे. काकांनी मला ते दोनदा विचारून घेतले, शिकंज्यामागच्या भिंतीवर खडूने टिपले, आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले.